गाणाऱ्यानं खून करायचा नसतो

'गुमनाम'मधला खुनी कोण, हे मला पिक्चर बघायच्या आधीच ठाऊक होतं. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ते सगळ्यांनाच ठाऊक असायचं. थोरली पोरं धाकट्यांना सांगायची, धाकटी शेंबड्यांना सांगायची. तरी गणपतीत मंडळानं गल्लीत पडदा बांधून तोच पिक्चर लावला की जेवणं उरकून माणसं पोती, पाट, सतरंज्या घेऊन हजर व्हायची. आम्हा पोरांची जागा पडद्याच्या पलीकडच्या अंगाला. तिथून नावं उलटी दिसायची आणि मनोजकुमार डावखुरा वाटायचा, पण पाय पसरून बसता यायचं.

मेहमूदचा बटलर पहिल्यांदा समोर आला तेव्हा मात्र मी पळत अलीकडं आलो आणि शेजारच्या आक्कांच्या पाठीमागं तोंड लपवलं. खुनी तो नव्हे, हे पक्कं माहीत असूनही. आक्का पान जुळवत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "भितोस कशाला? त्येला म्होरं गाणं हाय. गाणं म्हणणारा कुणाला मारत न्हाई."

हिंदी सस्पेन्स सिनेमाबद्दल याहून कामाचं वाक्य मी नंतर कुठंही वाचलेलं नाही.

खून, विनोद, प्रेम आणि गाणी एकाच तिकिटात देणाऱ्या सिनेमांवर परीक्षणं लिहिणारे एक तक्रार हमखास करतात. गाणी गती अडवतात, विनोदी ट्रॅक ठिगळासारखा वाटतो, एवढं काढलं असतं तर पिक्चर आटोपशीर झाला असता. आमचे आबा याच पंथातले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा त्यांनी रद्दीच्या दुकानातून किलोवर आणून वाचल्या होत्या. धनंजय कधी बागेत गात फिरला नाही, झुंजारनं झाडाला विळखा घातला नाही, मग या देव आनंदला काय धाड भरली आहे, असा त्यांचा रोख असे. गाणं लागलं की आबा तंबाखू मळायला बाहेर. परत येऊन विचारायचे, "काय झालं रे मधी?" आम्ही म्हणायचो, "काही नाही, गाणं झालं." ते समाधानानं मान हलवायचे.

माझा दावा असा की, मधी बरंच काही झालेलं असायचं. गाण्यात संशयितांची यादी कमी होत असते. हिंदी सिनेमात गाणं म्हणजे पोलीस ठाण्यातून मिळणारा चारित्र्याचा दाखला. तो ज्याच्या हातात पडला, तो सुटला. दिग्दर्शकाला हे ठाऊक असतं, प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि हा प्रेक्षकाला ठाऊक असलेला नियम दिग्दर्शक कसा वापरतो, कुठं वाकवतो, कुठं मोडतो, यावर मी या सिनेमांचं मोल करतो. खुनी ओळखता आला की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. तो आला तरी पिक्चर चांगला असू शकतो. गुमनामनं आमच्या गल्लीत ते सिद्ध केलं होतं.

1956चा 'सी.आय.डी.' घ्या. दिग्दर्शक राज खोसला, निर्माता गुरुदत्त, संगीत ओ. पी. नय्यर. जॉनी वॉकर यात पाकीटमार आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच. पण मुंबईत जगणं किती अवघड आहे ते रफीच्या आवाजात गातो आणि आपण त्याला खुनाच्या प्रकरणातून मनोमन मोकळा करतो. त्याहून सुरेख चाल वहिदा रहमानच्या बाबतीत आहे. हा तिचा पहिला हिंदी सिनेमा. ती वाईट माणसांच्या गोटातली बाई. तिला गाणं मिळतं ते बऱ्याच उशिरा: 'कहीं पे निगाहें कहीं पे निशाना'. खलनायकाचं लक्ष स्वतःकडं ओढून घ्यायचं आणि तेवढ्यात नायकाला निसटू द्यायचं, एवढ्यासाठी ती गाते. शमशाद बेगमचा तो ठसकेबाज आवाज, ओढणीआडून चाललेली नजर, आणि गाणं संपतं तेव्हा ही बाई या बाजूची त्या बाजूला गेलेली असते. हे संवादांतून दाखवायचं तर पश्चात्तापाची चार पानं लिहावी लागली असती. आबा त्या वेळी तंबाखू मळत होते.

आता पुन्हा 'गुमनाम'कडं. 1965 साल, दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन. मूळ कल्पना अगाथा ख्रिस्तीची: एकाकी जागी अडकलेली माणसं आणि एकेकाचा मुडदा. पण ख्रिस्तीबाईंच्या घरात कुणी गात नव्हतं. इथं हेलनला गाणं आहे, नंदाला आहे, मनोजकुमारला आहे. लुंगीतला, हैदराबादी बोलणारा, कुठूनही कसाही उगवणारा मेहमूद दिसण्यावरून सगळ्यांत संशयास्पद, आणि त्याला तर 'हम काले हैं तो क्या हुआ' मिळालंय. हास्य आणि गाणं, असा दुहेरी दाखला. मग उरले कोण? प्राण, मदन पुरी, तरुण बोस, मनमोहन, आपले धुमाळ. गाणी नसलेल्यांची ही रांग बघितली की पुढं काय करायचं ते प्रेक्षकाला समजतं. आणि शीर्षकगीत? ते कुणाचंच नाही. बेटावर ते नुसतं हिंडत असतं. त्याची चाल 'शराड' या इंग्रजी सिनेमातल्या हेन्री मॅन्सिनीच्या गाण्यावरून उचललेली आहे हे खरं. उचलेगिरीबद्दल रागवायचं तर रागवा, पण कुणाच्याही ओठांवर न बसलेला तो आवाज त्या सिनेमातला एकमेव न सुटलेला संशयित आहे.

मेहमूदचा विनोद आज सगळाच हसवतो असं नाही. रंगावरून केलेले विनोद तर आता कानाला टोचतात, आणि टोचायलाच हवेत. पण त्याची जागा बघा. तो खुनांच्या मधोमध उभा राहून हसवतो, त्याला बाजूला काढता येत नाही. याउलट 'बाज़ीगर'मधला जॉनी लिव्हरचा विसराळू नोकर. हसू येतं, नाही असं नाही, पण तो सगळा कापला तरी सूडाच्या गोष्टीचा एक टाकाही उसवत नाही. विनोद गोष्टीत राहतो की गोष्टीच्या शेजारी, एवढंच मी बघतो.

राज खोसला मुंबईत आले ते गायक व्हायला, हे मला फार उशिरा समजलं, आणि मग त्यांच्या सिनेमांची कडी नीट बसली. 'वह कौन थी?' 1964चा, 'मेरा साया' 1966चा, 'अनीता' 1967चा. तिन्हींत साधना. पहिल्यात त्यांनी आक्कांचा नियम वेठीला धरला. बाई गाते, म्हणजे निर्दोष. पण चित्र सांगतं की ही बाई आहे की भूत, याचाच पत्ता नाही. कान एक सांगतो, डोळा दुसरं, आणि आपण मध्ये अडकतो. 'लग जा गले' हे त्या अडकण्याचं गाणं आहे. बायको गळ्यात पडायला बोलावते आहे आणि नवरा भेदरलेला आहे. मदनमोहनची चाल इतकी देखणी की पुढं लोक ती भीती विसरून गेले. आता आमच्याकडं हॉलवरच्या लग्नात संगीत असलं की नवरीची एखादी मैत्रीण हे गाणं म्हणतेच. समोर नवरदेव फेटा सावरत हसत बसलेला असतो. मला दर वेळी त्याला हलवून सांगावंसं वाटतं, बाबा रे, मूळ पिक्चर बघितलायस का?

'मेरा साया' हा मराठी 'पाठलाग'चा हिंदी अवतार. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' 1964चा, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा. बायको डोळ्यांदेखत गेलेली, आणि पोलिसांनी पकडलेली बाई म्हणते, मीच ती. एकच चेहरा, मग दाखला कुणाच्या नावानं फाडायचा? हिंदीत मेलेलीच्या आठवणीतही गाणं आहे आणि बाजारात झुमका हरवल्याचं गाणंही त्याच चेहऱ्याला आहे. म्हणजे खोसलांनी गाणी दोन्हीकडं वाटून नियमच गोंधळात टाकला. मला वैयक्तिक विचाराल तर मी 'पाठलाग'च्या बाजूचा. गदिमांचं 'या डोळ्यांची दोन पाखरे' आशाबाईंच्या आवाजात सुरू झालं की ती पाखरं प्रेमानं फिरताहेत की पाळत ठेवायला, हे सांगता येत नाही. हिंदीतलं 'तू जहाँ जहाँ चलेगा' अधिक भव्य आहे, पण सावली सोबत राहणार हे तिथं जरा जास्तच गोड वाटतं. अर्थात हे मराठी माणसाचं मत, तेवढी सूट देऊन वाचावं.

गाण्यानं घाबरवायची रीत त्याच्याही आधीची, 1949च्या 'महल'ची. 'आएगा आनेवाला' दुरून जवळ येतं, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइक खोलीच्या मध्यावर होता आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडं चालत आल्या. आज हे काम बटणावर होतं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. पडद्यावर अशोककुमार विचारतोय, ही गाणारी कोण. घराघरांत रेडिओ ऐकणारे तेच विचारताहेत. सिनेमाचं रहस्य असं थेटराबाहेर चालत गेलेलं दुसरं उदाहरण मला सुचत नाही. आणि हा आवाज त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत आमच्या कोल्हापुरात राहत होता. मंगेशकर कुटुंब इथं होतं, लताबाई मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नोकरीला होत्या, आणि 1945 साली कंपनीबरोबर मुंबईला गेल्या. कोल्हापूरकराला अशा वेळी छाती फुगवल्याशिवाय राहवत नाही. मीही फुगवून घेतो.

रोमान्सचं काय? सस्पेन्समध्ये प्रेम नेमकं कशासाठी असतं, हे विजय आनंदला जसं कळलं होतं तसं कुणालाच नाही. 'तीसरी मंज़िल', 1966. मसुरीच्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगी पडते. तिची बहीण सुनीता, म्हणजे आशा पारेख, रॉकी नावाच्या ड्रमरला जाब विचारायला निघते आणि वाटेत अनिल नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते. अनिल हाच रॉकी, हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. म्हणजे 'आजा आजा'वर ती मनमोकळी नाचत असताना आपण खुर्चीच्या कडेवर आलेलो असतो: हिला कळलं तर? वरवर ही शम्मी कपूरची नेहमीची छेडाछेडी, पण प्रत्येक विनोदाखाली एक खोटं दडलेलं. हसू आणि धास्ती अशी एकाच फ्रेममध्ये बसवली की दोन्ही वाढतात. आर. डी. बर्मनचा ऑर्केस्ट्रा तर असा की तो ड्रमरवरचा संशय ड्रमवरच उडवून लावतो. इतकं जीव ओतून वाजवणारा माणूस कुणाला ढकलेल, हे पटतच नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी 'ज्वेल थीफ'. या पिक्चरवर मी भाच्याशी भांडलेलो आहे. तो मोबाइलवर बघत होता आणि गाणं आलं की अंगठ्यानं पुढं ढकलत होता. "मामा, हे पळवू काय? स्टोरी पुढं सरकंना." मी फोन काढून घेतला. 'होठों में ऐसी बात' पळवायचं म्हणजे तिजोरीची किल्ली गटारात टाकायची. वैजयंतीमाला भर दरबारी सोहळ्यात नाचते आहे, ओठांत एक गोष्ट दाबून आलेय आणि ती फुटली तर धडगत नाही, असं गीतकार मजरूहच्या शब्दांत उघड सांगते आहे, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते नुसतं गाणं वाटतंय. कॅमेरा तिच्याभोवती थांबत नाही, ढोलाच्या ठेक्यात मध्येच एक हाक घुसते. गुपित लपवायची जागा म्हणून गाणं कसं वापरावं, याचा हा हिंदीतला सर्वांत उंच नमुना. आणि त्याच पिक्चरमध्ये एक माणूस सगळा वेळ आपल्यासमोर बसलेला असतो, त्याला एकही गाणं नसतं, पण त्याच्या आजवरच्या इभ्रतीमुळं आपण त्याच्याकडं दाखला मागायला धजत नाही. नाव सांगत नाही. भाच्यालाही सांगितलं नव्हतं. नंतर तो एवढंच म्हणाला, "मामा, ह्यो तर नादखुळा फसवा माणूस निघाला."

त्या दिवसापासून भाचा गाणी पळवत नाही, मोजतो. कुणाला किती, कितव्या मिनिटाला.

पण आक्कांचा नियम कायमचा टिकणार नव्हता. तो मोडला 1993 साली, अब्बास-मस्तानच्या 'बाज़ीगर'मध्ये. शाहरुख आणि शिल्पा शेट्टी, दोघांची गाणी झालेली, हातात हात झालेले. हिंदी सिनेमाच्या कायद्यानं आता या मुलीला धोका असलाच तर बाहेरच्याकडून. आणि तोच मुलगा तिला इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकतो. आम्ही टॉकीजात होतो, पुढच्या रांगांतल्या शिट्ट्या एकदम बंद झाल्या. मग कुणीतरी खणखणीत शिवी दिली. ती शिवी पात्राला नव्हती, असं मला आजही वाटतं. दाखला खोटा निघाला होता, त्याचा तो संताप होता. अनु मलिकची ती गाणी पुन्हा ऐकताना अंगावर काटा येतो तो त्यामुळं. एरवी चाली साध्याच आहेत.

एकदा मोडल्यावर मग सगळ्यांनीच मोडला. 1997चा राजीव रायचा 'गुप्त' तर त्यावरच उभा आहे. विजू शहाचं संगीत दणदणीत, गाणी मुबलक, संशयित भरपूर, आणि शेवटी दाखला फाटतो तो अशा हातातला की लोक हबकले. त्या वर्षीच्या फिल्मफेअरनं खलनायकीचा पुरस्कार देऊन ते रहस्य स्वतःच जाहीर करून टाकलं, ही वेगळी गंमत. पिक्चर म्हणून मला तो पोकळ वाटतो. इतके सगळे संशयित नुसते डोळे वटारायला उभे केलेत, आणि धक्का बसल्यावर परत बघावं असं फारसं उरत नाही.

परत बघावं असं ज्याच्यात खच्चून भरलंय, तो श्रीराम राघवनचा 2018चा 'अंधाधुन'. सुरुवातीलाच तो सिनेमा 'छायागीत' आणि 'चित्रहार' या दूरदर्शनवरच्या सिनेगीतांच्या कार्यक्रमांना अर्पण केलाय, म्हणजे माणूस आक्कांच्या गल्लीतला. गोष्ट पुण्यातली. आंधळा असल्याचं सोंग करणारा पियानोवादक आणि जुन्या जमान्यातला एक नट, जो अनिल धवननं केलाय आणि जो घरात बसून स्वतःचीच जुनी गाणी बघत असतो. मग तो प्रसंग: पियानो वाजतोय, मागं प्रेत पडलंय, तब्बू आवाज न करता आवराआवर करतेय, आणि वादकाला सगळं दिसत असूनही बोट चुकवायची सोय नाही. संवाद नाहीत. विनोद आहे, भीती आहे, संगीत आहे, आणि तिन्ही एकाच पियानोतून येताहेत. आमच्या इथल्या मल्टिप्लेक्सात लोक हसत होते आणि हसताना एकमेकांचे दंड धरत होते. मागून एक बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, वाजव रे, थांबू नको." इथं कलावंतच खोटारडा, गाणंच सोंग. दाखला बनावट आहे हे पहिल्यापासून माहीत, आणि तरी आपण त्याच्याच बाजूला. नियम वाकवणं, मोडणं याच्या पुढची ही पायरी. उत्तरार्धात सिनेमा थोडा भरकटतो, अवयवांच्या भानगडीत गुंतून पडतो, हे मान्य. पण त्या पियानोसाठी माझं सगळं माफ.

असं वाटेल की हा सगळा शहाणपणा नव्वदनंतर आला. तसं नाही. बी. आर. चोप्रांनी फार आधी दुसराच मार्ग धरला होता: दाखले वाटायचेच नाहीत. 1960चा 'कानून', एकही गाणं नाही. 1969चा 'इत्तेफाक', निर्माते तेच, दिग्दर्शक त्यांचा धाकटा भाऊ यश चोप्रा, पुन्हा एकही गाणं नाही; फक्त सलिल चौधरींचं पार्श्वसंगीत. 'आराधना'ही त्याच सालचा, म्हणजे देशभर राजेश खन्नाची गाणी वाजायला लागण्याचा काळ, आणि इथं हा बायकोच्या खुनाचा आरोप असलेला, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार, गळ्यात सूर नाही. पावसाची रात्र, घरात एकटी बाई.

ती बाई नंदा. 'कानून'मध्येही नंदाच. म्हणजे सगळ्यांत गाणीवाल्या 'गुमनाम'ची नायिका आणि गाणी गाळलेल्या दोन्ही सस्पेन्स सिनेमांची नायिका एकच. ही मास्टर विनायकांची मुलगी. ज्या विनायकांनी हंस पिक्चर्समधून इथं कोल्हापुरात 'ब्रह्मचारी' काढून महाराष्ट्राला खदखदून हसवलं, ते 1947 साली गेले तेव्हा ही लहान पोर होती. पुढं 'छोटी बहन'नं तिला देशाची सोज्ज्वळ बहीण करून ठेवलं. त्या चेहऱ्याला चोप्रांनी रात्रभर बंद घरात ठेवलं आणि गाणं काढून घेतलं. एखादी अंगाईसुद्धा नाही, एखादं गुणगुणणं नाही. बाई खरं बोलतेय की नाही, हे ठरवायला प्रेक्षकाजवळ काहीच नाही.

परवा रात्री भाच्याला 'इत्तेफाक' लावून दिला. भेळेचा पुडा मांडीवर, नजर स्क्रीनवर. बराच वेळ गप्प होता. मग वैतागून माझ्याकडं वळला, "मामा, ह्यात कुणालाच गाणं नाही. आता खुनी धरायचा कसा?"

म्हटलं, "नंदाकडं बघत बस. आणि भेळ इकडं दे."